हलव्याच्या दागिन्यांचा जोडधंदा: नोकरी सांभाळून कसा करावा

हाताने दागिने करायची आवड आहे, चार पैसेही मिळवायचे आहेत, पण नोकरी सोडायची नाही. असे कुणी विचारले की मोत्यांच्या नथी आणि खणाची कानातली बाजूला ठेवून मी आधी हलव्याचे दागिने सुचवते, म्हणजे संक्रांतीला नव्या नवरीला आणि बोरन्हाणात बाळाला घालतात ते साखरेच्या काटेरी दाण्यांचे दागिने. कारण अगदी व्यवहारी आहे. या धंद्याला शेवटची तारीख असते. रथसप्तमी झाली की गिऱ्हाईक आपोआप थांबते. बारमाही दागिन्यांत माल पडून राहतो, फॅशन बदलते आणि ‘ताई, हेच निळ्यात मिळेल का?’ असे मेसेज वर्षभर रात्री अकरा वाजता येत राहतात.

आधी पंचांग उघडा

हंगाम संक्रांतीला सुरू होतो आणि रथसप्तमीला संपतो, हे सगळ्यांना माहीत असते. तो दर वर्षी सारख्या लांबीचा नसतो, हे मात्र धंद्यात उतरल्यावर कळते. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. रथसप्तमी माघ शुद्ध सप्तमीची, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने पुढेमागे होणारी. २०२४ मध्ये ती १६ फेब्रुवारीला होती, त्यामुळे बोरन्हाणांना महिनाभर मिळाला. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच आली आणि सगळी बोरन्हाणे अकरा दिवसांत उरकावी लागली. लांब हंगामात ऑर्डरी विखुरतात, आखूड हंगामात सगळ्यांना एकाच शनिवार-रविवारी माल हवा असतो. म्हणून किती ऑर्डरी घ्यायच्या हे ठरवण्याआधी या दोन तारखा लिहून काढा.

आपले तास मोजा

समजा, नोकरीच्या दिवशी रोज दीड तास आणि शनिवार-रविवार मिळून आठ तास हाताशी आहेत. आठवड्याचे साधारण पंधरा तास झाले. नोव्हेंबरच्या मध्यापासून १० जानेवारीपर्यंत आठ आठवडे धरले तर १२० तास. त्यातला चौथा हिस्सा लग्नसराई, सर्दी-खोकला आणि अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी सोडून द्या. उरले नव्वद. नवरीच्या पूर्ण सेटला दहा तास लागत असतील तर नऊ सेट, बस्स. बाळाचा सेट चार तासांत होत असेल तर पाच नवरीचे आणि दहा बाळांचे, असे काही तरी जुळवता येईल. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. दहावी नवरी मावसबहिणीची नणंद असली तरी तिला ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणा.

सेटला किती तास लागतात हे अंदाजाने ठरवू नका. ऑर्डर घ्यायच्या आधी एक पूर्ण सेट घड्याळ लावून करा. तोच पुढे फोटोसाठी नमुना म्हणून उपयोगी पडतो.

हलवा विकत घ्या

घरी हलवा करणे ही स्वतंत्र कला आहे. मंद आचेवर परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घेऊन थेंब थेंब पाक सोडत बोटांनी हलवत राहायचे, काटा फुटेपर्यंत. त्यात काही दिवस जातात आणि हवा कोरडी, थंड लागते. ज्यांना ते जमते त्यांना नमस्कार, पण जोडधंदा करणाऱ्याने हलवा किलोवर आणावा. निवडताना दाणा ठसठशीत, काटा एकसारखा आणि रंग पांढरा पाहा. काटा महत्त्वाचा, कारण दोरा त्यातच अडकून धरतो. गुळगुळीत दाणा गाठीतून निसटतो. नाजूक कामाला, म्हणजे नथ आणि कुड्यांना, खसखशीचा किंवा तिळाचा बारीक हलवा घ्या. हार आणि बांगड्यांना साबुदाण्याचा, आणि पदकाच्या मध्यभागी एखादा मोठा दाणा.

रंगीत हलवा जपून वापरा. घाम लागला की रंग सुटतो आणि बाळाच्या फिक्या झबल्यावर उतरतो. तसेही काळ्या साडीवर पांढरेच खुलते.

बाकी सामान साधे: जाड पुठ्ठा, सोनेरी जर, गोटा, टिकल्या, काळे मणी, रिळाचा मजबूत दोरा, साटीनची फीत. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईत भुलेश्वर, एवढ्यात सगळे मिळते. दिवाळी संपली की लगेच जा. डिसेंबरअखेर गर्दीही असते आणि भावही चढलेले असतात.

बांधणी

सराची बांधणी अशी: दोरा दुपदरी घ्यायचा, त्याचा सरकता फास करून दाणा आत धरायचा, फास ओढून काट्यांत बसवायचा, लगेच पुढचा फास. दोन दाण्यांत जागा सुटता कामा नये, नाहीतर हार गळ्यात वाकडा बसतो. मंगळसूत्रात काळे मणी आणि हलवा आळीपाळीने ओवून शेवटी दोन वाट्या पुठ्ठ्याच्या करा. बांगडीसाठी घरातल्या जुन्या बांगडीवर सर गुंडाळून बांधला की आकार पक्का राहतो. बाजूबंद, कंबरपट्टा, बाळाचा मुकुट हे पुठ्ठ्यावर दाणे चिकटवून होतात.

चिकटवताना डिंक किंवा फेविकॉल कमी लावा आणि पाणी घालून पातळ तर मुळीच करू नका. ओलाव्याने साखर विरघळते, काटा बसतो आणि दाणा खड्यासारखा दिसू लागतो. हात कोरडे हवेत. शेजारी सुती फडके ठेवा, दर दहा मिनिटांनी बोटे पुसा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत झालेला प्रत्येक नग त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात गेला पाहिजे, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. मुंग्यांचाही बंदोबस्त त्यातच होतो.

कामाची विभागणी अशी करा की पुठ्ठ्याचे साचे, गोटा लावणे, फिती कापणे हे नोव्हेंबरातच संपेल. हलव्याला हात डिसेंबरात लावायचा.

बाळाच्या सेटबद्दल मी जरा कडक आहे. टाचणी नाही, तार नाही, सुटी टिकली नाही. मुकुट, बासरी, हार, बाजूबंद सगळे फितीने बांधायचे. बाळ दागिना तोंडात घालणारच. सुटलेला दाणा घशात अडकू शकतो आणि चिकटवलेल्या दाण्याबरोबर डिंकही पोटात जातो. म्हणून प्रत्येक गाठ ओढून पाहा आणि खोक्यात चिठ्ठी ठेवा: ‘दागिने खाण्यासाठी नाहीत, फोटो झाल्यावर लगेच काढावेत.’ वाटायचा हलवा वेगळा असतो. तो तुम्ही विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

किंमत

बहुतेक जणी इथेच अडतात, कारण आवडीच्या कामाचे पैसे मागायची लाज वाटते. हिशेब मांडू. समजा, नवरीच्या सेटला सामान ३५० रुपये, खोका आणि वेष्टण ८०. दहा तास, तासाला १०० रुपये धरले तर १,०००. एकूण १,४३०. तुटफुटीसाठी दहा टक्के वाढवा. १,६०० च्या आत विकणे म्हणजे रात्रीची झोप फुकट देणे.

गिऱ्हाईक म्हणणारच, ‘अहो ताई, साखरच तर आहे, एवढे कसले?’ भाव पाडू नका, नग कमी करा. कंबरपट्टा आणि बाजूबंद काढले की तासही वाचतात आणि किंमतही उतरते. तासाचा दर तेवढाच राहतो. दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या तयार सेटशी बरोबरी करायला जाऊ नका. तुमच्याकडे येणारीला मनगटाच्या मापाची बांगडी हवी असते, साडीच्या काठाला जुळणारा गोटा हवा असतो, नथीचा आकार आजीच्या नथीसारखा हवा असतो. ती त्याचेच पैसे देते.

नात्यातल्यांसाठी सवलत किती, हे हंगामाआधी ठरवून टाका. सख्ख्या भाचीला भेट द्यायची तर पूर्ण सेट भेट द्या. अर्ध्या किमतीत दिलेला दागिना दोघींच्याही मनात राहतो.

ऑर्डर, फोटो, पोहोचवणे

प्रत्येक ऑर्डरीला पाच गोष्टी लेखी घ्या: कार्यक्रमाची तारीख, मनगटाचे आणि गळ्याचे माप, साडीचा फोटो, कान टोचलेले आहेत का, आणि निम्मी रक्कम आगाऊ. आगाऊ रकमेशिवाय नाव वहीत चढवू नका. स्वीकारायची शेवटची तारीख जाहीर करा आणि पाळा.

फोटो काळ्या कापडावर, खिडकीजवळ, सकाळी काढा. फ्लॅशमध्ये हलव्याचा काटा दिसेनासा होतो. एक फोटो गळ्यात घालून हवाच, त्याशिवाय लांबी कळत नाही.

शक्यतो घरी येऊन न्यायला सांगा. कुरियर करायचेच तर प्रत्येक नग पुठ्ठ्यावर दोऱ्याने टाचा, वर टिश्यू कागद, मग कडक खोका, आणि त्याभोवती दुसरा खोका. परदेशातल्या मराठी घरांच्या ऑर्डरी बहुधा इथे आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून जातात, म्हणून त्यांची तारीख ऑर्डर घेतानाच विचारून ठेवा.

कागदपत्रे

फार नाहीत. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा झाल्यास नियम वेगळे आहेत, ते सीएला विचारा. मिळकत थोडी असली तरी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात पगारासोबत दाखवा, आणि धंद्याचे उत्पन्न असताना आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालत नाही, हे लक्षात ठेवा. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे खासगी धंद्यावर बंधने आहेत. आधी कार्यालयात विचारा, मग पाटी लावा. खासगी कंपनीतही नेमणूकपत्र एकदा वाचून घ्या.

रथसप्तमीनंतर

उरलेला हलवा वाटून टाका, पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. पुठ्ठ्याचे साचे मात्र नावे घालून जपा, पुढच्या खेपेला तासच वाचतात. वही बंद करण्याआधी प्रत्येक सेटला खरोखर किती तास लागले तेवढे लिहा. आणि यंदाच्या नवरीचा नंबर जपून ठेवा, बोरन्हाणाचे गिऱ्हाईक बहुधा तिथूनच येते. पण ‘मग, पुढच्या वर्षी बाळाचा सेट ना?’ असा मेसेज आपण होऊन करू नका. ते विचारायला तिच्या घरी माणसे पुष्कळ आहेत.