चिलापीसाठी स्वस्तातली काठी घ्यायला निघालात? आधी खिशात कापूस टाका

दिवाळी सरते, कोल्हापुरात पंचगंगेचं गढूळ पाणी निवळतं, बंधाऱ्यांना बरगे बसतात आणि वरच्या अंगाला पाणी तुंबून संथ होतं. गळ टाकायचे दिवस हेच. दर वर्षी या सुमारास कुणीतरी विचारतंच, की हजारभर रुपयांत चिलापी मासा धरायला कुठली काठी घेऊ? गेल्या वर्षी हा प्रश्न माझा होता. काठी घेताना मी एक गोष्ट बघायची विसरलो. त्यापायी तीन रविवार वाया गेले. तिसऱ्या रविवारी माझ्या धाकट्याच्या गळाला त्याची पहिली मोठी चिलापी लागली आणि काठापासून दोन हातांवर तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तुटलं. मासा तोंडात गळ घेऊन गेला. दहा वर्षांचं पोर रडलं नाही, पण प्रयाग चिखलीपासून घरापर्यंत गाडीवर माझ्या मागं बसून एक शब्द बोललं नाही. ते अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तर सगळ्यात आधी कापूस. देवघरात वातींसाठी ठेवलेला असतो त्यातला चिमूटभर खिशात टाका, मगच घराबाहेर पडा. कशासाठी ते पुढं येईलच. पैसे, पिशवी, मोबाईल तुम्ही विसरणार नाही. कापूस विसराल.

दुकानात शिरण्याआधी मासा कोणता हे मनाशी पक्कं करा. चिलापी म्हणजे टिलापिया. मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात 1952 साली आणली आणि आता कुठल्याही तळ्यात, नदीच्या डोहात सापडते. आपल्याकडं गळाला येते ती बहुतेक पावशेर ते अर्धा किलोची. तिचं तोंड लहान, आणि ती आमिष मरळीसारखं गपकन गिळत नाही. टोचा मारते, सोडते, परत टोचते. हे टोचणं हाताला कळायला हवं, नाहीतर तुम्ही अर्धा तास नुसत्या रिकाम्या गळाकडं बघत बसाल. म्हणून काठीचं टोक मऊ हवं, आणि चिलापीच्या काठीत पहिली मागणी हीच. समुद्रावरची जाडजूड काठी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिला पावशेराचा मासा लागलेला कळतसुद्धा नाही, आणि जोरात हिसका दिला की गळ माशाच्या ओठातून फाटून येतो.

मऊपणा ओळखायची सोपी खूण मुठीच्या जरा वर छापलेली असते. तिथं लांबी आणि ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं, म्हणजे ती काठी किती वजनाचं शिसं किंवा आमिष नीट फेकू शकते ते. 5 ते 20 ग्रॅमच्या आसपासचा आकडा असलेली घ्या. 40, 80, 100 असे आकडे दिसले की काठी परत ठेवा, दुकानदार कितीही म्हणाला की ‘मजबूत आहे, आयुष्यभर जाईल’. काहीच छापलेलं नसेल तर घेऊच नका.

लांबी सहा ते सात फूट. आपण काठावर उभे राहतो, पुढं गवत आणि जलपर्णी असते, तिच्या पलीकडं गळ पडायला तेवढी लांबी लागते. ऑनलाइन बघताना एक जपा. दोन-अडीच फुटांच्या नाजूक, छान दिसणाऱ्या काठ्या अगदी स्वस्तात दिसतात. त्या बर्फावरच्या मासेमारीच्या. अमेरिकेच्या उत्तरेत, कॅनडात, फिनलंडमध्ये तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडतात आणि त्याच्या कडेला बसून पर्च नावाचा मासा धरतात. गळ सरळ खाली सोडायचा असतो, फेकायचा नसतो, म्हणून काठी हातभर पुरते. थंड पाण्यातला पर्च आमिषाला हळूच तोंड लावतो, म्हणून त्यांच्याही काठीचं टोक अगदी मऊ असतं. त्यांच्याकडून मऊ टोकाची गोष्ट जरूर घ्यावी, पण ती आखूड काठी नाही. तिनं पंचगंगेत गळ टाकायला गेलात तर तो जलपर्णीतच पडेल.

आता काठी कशाची. स्वस्तात दोन प्रकार मिळतात, फायबर ग्लास आणि कार्बन. कार्बन हलकी, टोचा चांगला कळतो, पण कुठं आपटली की तिथं बारीक इजा होते आणि पुढं कधीतरी ताणाखाली फटकन मोडते. ग्लास जरा जड, पण वाकते, सोसते. पोरांच्या हातात द्यायची असेल तर ग्लासच घ्या. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नदीकाठानं शेतीपंपांच्या तारा कुठं कुठं आणि किती खालून गेल्यात ते तुम्हाला माहीत आहे. सात फुटांची काठी डोक्यावरून मागं नेऊन फेकताना तार जवळ असेल तर काय होईल ते सांगायला नको. ग्लासची काठीही ओली असेल तर भरवशाची नाही. कुठलीही काठी असो, उभं राहण्याआधी वर बघायचं. पोरांना तर हे गळ बांधायच्या आधी शिकवा.

आता कापूस.

काठीवर ज्या कड्यांतून तंगूस जातं, त्यांना दुकानदार गाईड म्हणतात. या कड्यांच्या आत चिनी मातीसारखी कडक, गुळगुळीत चकती बसवलेली असते, किंवा अगदी स्वस्त काठीत नुसती मुलामा दिलेली तार असते. चकतीला केसाएवढा तडा गेला किंवा मुलाम्याचा पापुद्रा सुटला की ती कडी करवत होते. डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवलं तरी कळत नाही, मी फिरवलं होतं. कापूस मात्र अडकतो. कडीच्या आतून कापूस गोल फिरवायचा आणि ओढून घ्यायचा, एकही तंतू मागं राहता कामा नये. राहिला तर कडी खराब. प्रत्येक कडी बघा, आणि सगळ्यात टोकाची कडी दोनदा बघा, कारण तंगूस तिथंच सगळ्यात जास्त वळतं आणि मासा ओढत असताना तिथंच सगळ्यात जास्त घासतं. काठी जमिनीवर पडते, भिंतीला लागते, ती पहिल्यांदा टोकावरच. दुकानात खोक्यात उभ्या ठेवलेल्या काठ्यांचीही तीच गत असते.

मी हे केलं नाही. पहिल्या रविवारी तंगूस तुटलं तेव्हा गाठीला दोष दिला. दुसऱ्या रविवारी नवीन गाठ शिकून गेलो, परत तुटलं, मग तंगूसच बदललं, चांगलं महागातलं घेतलं. तिसऱ्या रविवारी पोराचा मासा गेला. बंधाऱ्याजवळ रोज बसणारे एक मामा हे सगळं बघत होते. त्यांनी तुटलेलं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, “गाठ सुटली असती तर टोक डुकराच्या शेपटागत वळलं असतं. हे बघ, खरबरीत हाय. कुठंतरी घासतंय.” मग त्यांनी कानातला अत्तराचा फाया काढला, त्याचा कापूस टोकाच्या कडीतून ओढला. पांढरे तंतू कडीतच राहिले. “काठी घेताना हे बघायचं असतं रं,” एवढंच बोलले आणि परत आपल्या तरंग्याकडं बघत बसले.

तीन रविवार मी ज्याला शोधत होतो ते चिमूटभर कापसानं क्षणात दाखवलं. म्हणून परत सांगतो, दुकानातच, पैसे द्यायच्या आधी. ‘काय करताय?’ असं दुकानदारानं विचारलं तर सांगा काय करताय ते. दुसरी काठी काढून द्यायला लावा. लाजू नका. आपण साड्यांच्या दुकानात पंचवीस घड्या मोडायला लावतो, मग इथं दोन काठ्या बघायला कसली लाज? आणि आधीच घरी असलेली काठी असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच कापूस फिरवा. टोकाचीच कडी खराब निघाली तर काठी टाकून देऊ नका. ती कडी सुटी मिळते, काठीच्या टोकाची जाडी मोजून त्याच मापाची घ्यायची, जुनी हलक्या उष्णतेनं सैल करून काढायची आणि नवी चिकटवायची. हे मला आधी माहीत असतं तर महागाचं तंगूस घेतलंच नसतं.

कापसाचं झालं की काठी डोळ्याला लावून एका टोकाकडून बघा, ऊस सरळ आहे का बघतो तशी. कड्या एका रेषेत हव्यात. दोन तुकड्यांची असेल तर सांधा घट्ट बसतो का, वळवल्यावर खुळखुळतो का बघा. एकात एक सरकणारी दुर्बिणीसारखी काठी न्यायला सोपी, पण वाळूचा एक कण सांध्यात गेला की अडकते, आणि जोर लावून उघडायला जाल तर फुटते. माझं मत विचाराल तर दोन तुकड्यांचीच घ्या. टोक हातात धरून वाकवून बघू नका, अशानं चांगली काठीसुद्धा मोडते. कड्यांतून तंगूस ओवा, बरोबरच्याला टोक धरायला सांगा आणि काठी हळूहळू उचला. वरचा तिसरा हिस्सा कमानीसारखा वाकला आणि मुठीकडचा भाग ताठ राहिला म्हणजे जमलं.

तंगूस गुंडाळायचं रीळ लहान, 1000 किंवा 2000 मापाचं. हजार रुपयांतले निम्मे पैसे त्याला ठेवा. काठीवर लावून बघा, हलता कामा नये. रिळाची पुढची, ताण कमी-जास्त करायची चकती सैल केल्यावर तंगूस झटके न देता सुटलं पाहिजे. अर्ध्या किलोची चिलापी पळाली तर हेच तिला आवरतं. काठी, रीळ, तंगूस, गळ सगळं एकाच खोक्यात मिळणारे संच असतात. त्यातलं तंगूस बहुतेक जाड आणि गुंडाळून राहिल्यानं वेटोळी पडलेलं असतं, ते काढून टाका. 0.20 ते 0.25 मिलिमीटरचं साधं नायलॉन भरा. जाड तंगूस चिलापीला दिसतं आणि लहान रिळावरून नीट सुटतही नाही.

गळ बारीक, 8 ते 10 नंबर. गळाचा नंबर वाढतो तसा आकार लहान होतो, यात बरेच जण फसतात. तोंडात मावला नाही तर काठी लाखाची असली तरी उपयोग नाही. शिसं वाटाण्याएवढं. तरंगा विकत मिळतो, पण शाळूच्या वाळक्या ताटाचा बोटभर तुकडाही चांगला चालतो. आमिषाला गांडूळ किंवा मळलेली कणीक.

काठी न्यायची कशी? गाडीला आडवी बांधून, टोक बाहेर काढून नेऊ नका. शेतातला पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणं, त्यात काठी घाला. टोकाची कडी गाडीवरच सगळ्यात जास्त आपटते. माझी तिथंच फुटली की दुकानातूनच फुटकी आली ते कधी कळणार नाही. आणि हो, तिथं पोचल्यावर, तंगूस ओवायच्या आधी, कापूस. तो पाइपच्या टोपणातच चिकटवून ठेवा म्हणजे विसरणार नाही.

जागेचं थोडक्यात. नदी वेगळी, तलाव वेगळा. बऱ्याच तलावांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं असतो, विचारल्याशिवाय गळ टाकू नका. बंधाऱ्याच्या भिंतीवर उभं राहू नका, शेवाळ असतं. पावसाळ्यात नदीवर जाऊच नका. धरण भरलं की राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, ते पाणी भोगावतीनं खाली येतं, आणि राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी फुटाफुटानं चढते. तुटलेलं तंगूस काठावर टाकू नका, म्हशींच्या पायात आणि बगळ्यांच्या चोचीत अडकतं. पोराला फडकं द्या, चिलापीचा पाठीवरचा पर काट्यांचा असतो, हाताला टोचतो.

घरी आल्यावर काठी पुसा, सांधे सुटे करा, सावलीत वाळवा, रिळाची चकती सैल करून ठेवा. माळ्यावर टाकायच्या आधी परत एकदा सगळ्या कड्यांतून कापूस.

गेल्या महिन्यात आम्ही परत चिखलीला गेलो. कापूस धाकट्यानंच खिशातून काढला, टोकाच्या कडीतून दोनदा ओढला आणि उन्हाकडं धरून बघितला. एकही तंतू नव्हता.