‘रस’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

कोशात ‘रस’ या शब्दापुढे दिलेला पहिला अर्थ उचलायचा आणि पुढे चालू लागायचे, ही घाई नवशिक्या अनुवादकांत वारंवार दिसते. फळातला द्रव हा अर्थ आमरसापुरता ठीक आहे. वैद्यकात आणि नाट्यशास्त्रात तो तोंडघशी पाडतो.

सर्वांत महागडी चूक आयुर्वेदातील सहा रसांची आहे. तेथे रस म्हणजे चव. मधुर, अम्ल, लवण आणि कषाय यांत सहसा कोणी चुकत नाही; घोटाळा होतो तो कटू आणि तिक्त यांत. मराठीतला ‘कडू’ हा शब्द ‘कटु’पासूनच आला, पण वाटेत त्याची चव बदलली. आयुर्वेदातला कटू रस म्हणजे आपले तिखट, आणि तिक्त म्हणजे आपले कडू. एका आहारपुस्तिकेचा अनुवाद माझ्याकडे तपासणीसाठी आला होता. त्यात कटूखाली कारले व कडुनिंब आणि तिक्ताखाली मिरची बसवली होती. पित्त शमवण्यासाठी मूळ पुस्तिकेत तिक्त रस सुचवला होता, म्हणजे पित्ताने बेजार झालेल्या माणसाला या पुस्तिकेने मिरची खाऊ घातली असती. ‘शब्द तर ओळखीचेच आहेत, कोश कशाला पाहायचा?’ असे अनुवादकाचे उत्तर होते. अशा वेळी मी त्रिकटू आठवतो: सुंठ, मिरे आणि पिंपळी, तिन्ही झणझणीत, कडू एकही नाही. मात्र नावावरून चव ठरवू नये, कारण कुटकीला संस्कृतात ‘कटुका’ म्हणतात आणि ती चवीला कडूजहर असते.

‘सूतशेखर रस’ हे आयुर्वेदिक औषध पातळ नसते, ती गोळी असते. येथे ‘रस’ आणि ‘सूत’ हे दोन्ही शब्द पाऱ्याकडे बोट दाखवतात.

च्यवनप्राश हे चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातले रसायन आहे; तेथे रसायन म्हणजे शरीराला बळ देणारे औषध, तेव्हा त्याची ‘रसायनविरहित’ अशी जाहिरात लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

‘भरताचे नवरस’ असे सरसकट लिहू नये. भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथाच्या मूळ मांडणीत रस आठच आहेत. नवव्या, शांत रसाची बाजू पुढे या ग्रंथाचा टीकाकार अभिनवगुप्त याने समर्थपणे मांडली. याउलट, नाट्यरसाचा जिभेशी काही संबंध नाही असे ठणकावून सांगणारेही चुकतात. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना माणूस जसा रस चाखतो, तसा रसिक प्रेक्षक अभिनयातून प्रकटलेले स्थायी भाव, म्हणजे मनातले मूळ भाव, आस्वादतो, असे स्पष्टीकरण खुद्द भरतानेच दिले आहे.