लहान मूल सोबत घेऊन भाजी लावायची तर

आधी बियाण्याचं पाकीट बघा. माती, कुंड्या, खत सगळं नंतर. कृषी सेवा केंद्रातलं भेंडी, काकडी, दुधीचं बी बरेचदा थायरम किंवा कॅप्टनसारखं बुरशीनाशक लावून येतं. त्यावर गुलाबी, निळा नाहीतर हिरवा रंग असतो. हे बी खायचं नाही, हे कळावं म्हणून तो रंग, पण दीड-दोन वर्षांच्या पोराला ती गोळ्या-चॉकलेटंच वाटतात. गेल्या पावसाळ्यात माझं नेमकं हेच बघायचं राहिलं. लेकीच्या ओठांवर गुलाबी डाग दिसला, तेव्हा कुठे पाकीट उलटून वाचलं. डॉक्टरांनी आधी तेच पाकीट मागितलं, आणि ते घरीच राहिलेलं. ती बरी आहे. पण पाकीट वाचा, आणि बी उगवून येईपर्यंत फेकू नका.

मुलाच्या हातात द्यायचं बी स्वयंपाकघरातल्या डब्यातून घ्या. मेथीदाणे सगळ्यात उत्तम, तीन-चार दिवसांत कोंब दिसतो. त्याहून जास्त थांबायची या वयाची तयारी नसते. धणे हलके रगडून दोन फाकी करा. चवळी, वाटाणे नकोत, पोरं ते नाकात घालतात आणि ओलाव्याने ते आतच फुगतात. रंगीत बी लावायचंच असेल तर मूल झोपल्यावर लावा, हात धुवा, उरलेलं कुलपात. वरच्या फळीवर नाही, कुलपात.

कुंड्यांना भोकं हवीतच. मेथी-कोथिंबिरीला वीतभर खोली पुरते, भेंडीला फूटभर. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या. ओल्या शेणात मुलाचे हात नकोत. दाणेदार रासायनिक खत घरात आणूच नका, तेही तोंडात जातं.

कुंडी कठड्याला टेकवून ठेवू नका. पालथी असो वा भरलेली, मुलासाठी ती पायरी आहे. गच्ची असो, बाल्कनी असो, ऊन कमी मिळालं तरी चालेल, कुंड्या आतल्या बाजूला घ्या. बादलीचंही तेच. तळाशी उरलेलं वीतभर पाणीसुद्धा लहान मुलाला बुडायला पुरतं. काम झालं की बादली रिकामी करून पालथी घाला. मुलाला छोटी झारी द्या.

आणि एक कुंडी त्याची एकट्याची. त्यात तो बी टाकेल, लगेच उकरेल, पुन्हा पुरेल. उकरू द्या. रागावलात तर तो तुमच्या कुंडीकडे वळेल. शेजारच्या कुंडीत तुम्ही तीच मेथी लावा, म्हणजे कोंब दाखवायला काहीतरी राहील.

वेळ सकाळी नऊच्या आत. टोपी, चप्पल, नखं कापलेली, नंतर साबणाने हात. धनुर्वाताची लस वेळापत्रकाप्रमाणे झाली आहे ना, ते बघून घ्या.

शेजारी उरलेलं बी देतील, कागदाच्या पुडीत, नाव-गाव काही नसलेलं. प्रेमाने देतात, पण रंगीत असेल तर घेऊ नका. पाकीट नाही तर बी नाही.

पुढचं थोडक्यात. जोराच्या पावसात पेरू नका, बी वाहून जातं. रोपं दाट झाली तर उपटा, उपटणं पोरांना छान जमतं. मावा, म्हणजे पानांवरची बारीक कीड, आला तर पाण्याचा फवारा, फार तर निंबोळी तेल. कीटकनाशक नको, पाकिटावर हिरवा त्रिकोण असलेलं, म्हणजे सगळ्यात कमी विषारी, तेही नको. मेथी तीन-चार आठवड्यांत काढायला येते. भेंडीची लव खाजते, ती तुम्हीच तोडा.