एआय आणि रिसर्च : पोरांना शिकवताना या चुका टाळा (पहिली माझीच आहे)

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, चॅटजीपीटी वापरायचं नाही, सापडलात तर प्रोजेक्ट परत. झालं काय, तर वापरायचं कुणी थांबलं नाही, फक्त मला सांगायचे थांबले. सेमिस्टरच्या शेवटी यंत्रमाग कामगारांवरचा एक प्रोजेक्ट आला, इंग्रजी एकदम चकाचक, आणि संदर्भ तपासायला बसले तर निम्मे लेख कुठंच नाहीत. लेखक खरा, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, पण तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही! पोराला बोलावलं तर तोच जास्त हादरलेला, "मॅडम, मला वाटलं ते गुगलसारखं शोधून देतंय." त्याला कोण सांगणार होतं, मी तर विषयच बंद करून ठेवला होता.

म्हणून बंदी घालून मोकळं होऊ नका. मी आता पहिल्या तासाला मोबाईल काढायला लावते. विचारा आपल्या सोलापूरबद्दल, जे तुम्हाला पाठ आहे तेच विचारा. १९३० चा मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. कधी उत्तर बरोबर येतं, कधी नावांचा घोळ होतो, कधी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आधीच होम उरकलेला असतो (खरा क्रम उलटा), आणि बरोबर असो की चूक, सूर तेवढाच ठाम. पोरं खिदळतात, चूक पकडायला मजा येतेच की. मग सांगते की हे यंत्र पुढचा शब्द कुठला शोभेल ते बघून वाक्य जुळवतं, त्यामुळे संदर्भ मागितला की संदर्भासारखं दिसणारं काहीतरी देतं. सोलापूरची चूक तुम्ही पकडली कारण तुम्ही इथले आहात, कापड उद्योगावरच्या परदेशी पेपरची कशी पकडणार?

आणि तपासायला परत एआयलाच विचारू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी कोर्टात खोटे खटले दाखले म्हणून दिले, त्यातल्या एकानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे खरे आहेत का, ते हो म्हणालं, आणि ५,००० डॉलर दंड बसला. आमचा नियम साधा : लेख उघडून वाचला नाही तर तो यादीत नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकून बघा, शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात बघा, नाहीतर लायब्ररीत जा.

"मॅडम, दहा टक्के एआय चालतं ना?" हे दर महिन्याला एकदा ऐकते. अहो, ते दहा टक्के यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमातले आहेत, आणि ते दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य किती याबद्दल आहेत. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साम्य शून्य आलं तरी सगळं एआयनं लिहिलेलं असू शकतं.

आता ज्या चुकीवर कुणी बोलतच नाही ती. एका मुलीनं बिडी कामगार बायकांच्या मुलाखती घेतल्या, छान घेतल्या, अर्ध्या तेलुगूत अर्ध्या मराठीत, घरात बसून. मग नाव, वय, गल्ली, कारखाना सगळं तसंच फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून म्हणाली, भाषांतर कर. त्या बाईनं होकार दिला होता तो हिच्याशी बोलायला, तिचं नाव कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर जायला नाही. आणि भाषांतर काय आलं? बाई म्हणाली होती, "मोजताना बिड्या कमी धरल्या, मी काही बोलले नाही." कागदावर आलं, "वेतनातील विषमतेबद्दल तीव्र असंतोष." बाई गप्प बसली होती हो, आणि ते गप्प बसणंच खरं तर त्या संशोधनाचा विषय होता! तेव्हापासून आधी नाव-पत्ता काढा, मार्गदर्शकाला विचारा, आणि मुलाखतीचं भाषांतर तेलुगू बोलणाऱ्या शेजारच्या पद्मशाली मैत्रिणीला सोबत घेऊन बसून करा, वेळ लागेल, लागू दे.

मास्तरांनीही एक चूक टाळा, डिटेक्टरचा, म्हणजे मजकूर एआयनं लिहिलाय का ते ओळखणाऱ्या टूलचा, आकडा दाखवून पोराला चोर ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं टूल जुलै २०२३ मध्ये बंद केलं कारण ते नीट ओळखतच नव्हतं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले गेले. अक्कलकोटच्या मराठी मीडियमच्या पोराचं काय होईल ते बघा. शंका आली तर समोर बसवा, कुठलाही परिच्छेद काढा आणि विचारा हे कशावरून लिहिलं. पाच मिनिटांत कळतं.

वापरलं ते लिहायचं, यात लाजायचं काही नाही. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, हे संशोधन-प्रकाशनाची नीती ठरवणाऱ्या कोप (COPE) या संस्थेनं २०२३ मध्येच सांगितलंय, पण कुठं आणि कसं वापरलं ते पद्धतीच्या प्रकरणात यायला हवं. त्यासाठी एक वही ठेवायला लावते, तारीख, टूल, काय विचारलं, काय ठेवलं, काय फेकलं. तो यंत्रमागवाला पोरगा आता पीएचडीच्या तयारीत आहे, त्याच्या वहीतली परवाची नोंद : "संदर्भ मागितले ६, सापडलेच नाहीत ४, वाचले २, कामाचा १."