मातीनं मला चुना लावला

भाजलेल्या मातीची अ‍ॅबस्ट्रॅक्ट शिल्पं बाहेर उघड्यावर ठेवायची हे मला अजून पूर्ण जमलंय असं नाही, पण आपण कुठे आपटतो ते आता पक्कं माहितीये, म्हणून लिहितेय. माती मळणं, हवा काढणं, आतून पोकळ ठेवणं, सावलीत हळू वाळवणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आधी एखाद्या कुंभाराकडे सहा महिने जाऊन बसा. वीकेंड वर्कशॉपला नको, तिथे फक्त फोटो चांगले निघतात.

तर माझं पहिलं मोठं काम. एकावर एक चार पोकळ आकार, साडेचार फूट, एका फार्महाऊसवाल्यांनी अंगणासाठी घेतलं. माती फुकटची, सोलापूरकडे मैत्रिणीच्या शेतात विहीर खोदली त्यातली, हाताला अगदी लोण्यासारखी, मी खूश. दिसले तेवढे खडे वेचले आणि बाकी तशीच मळली. एप्रिलमध्ये कुंभारकाकांच्या भट्टीत भाजली, एक तडा नाही. काकांनी आधी विचारलं होतं, "खडा गेला ना गं सगळा?" मी म्हटलं हो काका. मेमध्ये बसवलं, सगळ्यांनी सेल्फी काढले. जुलैत फोन आला, "ताई, तुमच्या शिल्पाला देवी आल्यात."

जाऊन बघते तर खरंच, अंगभर खळगे, आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका.

हे नीट समजून घ्या, कारण हे भट्टीतून काढताना दिसत नाही आणि म्हणूनच माणूस फसतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत, तिच्या खालच्या थरात तर जास्तच, चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत साडेआठशे-नऊशे डिग्रीला त्या खड्याचा कळीचा चुना होतो. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की काय होतं ते ज्यांच्या घरी पूर्वी भिंतींना चुना लावायचे त्यांनी बघितलंय, तापतो, फुगतो, फुटतो. इथे तेच होतं, फक्त बादलीत न होता तुमच्या शिल्पाच्या कातडीखाली, आणि पाणी म्हणजे पावसाचंच हवं असंही नाही, दमट हवासुद्धा पुरते. मग तो फुगलेला खडा वरची खपली उडवतो. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा रुपयाएवढी खपली काढतो. आणि मी वेचले होते ते दिसणारे खडे, न दिसणारे शेकड्यांनी आत होते.

उपाय कंटाळवाणा आहे. माती पाण्यात पूर्ण विरघळवा, पातळ करा, साठ मेशच्या (एका इंचात साठ भोकं) चाळणीतून गाळा, जुन्या चादरीवर ओतून परत घट्ट होऊ द्या. पिठासारखा बारीक चुना मातीत राहिला तर सहसा त्रास देत नाही, खडा देतो. चाळणीवर जे उरेल त्यावर पातळ केलेलं अ‍ॅसिड दोन थेंब टाका (हातमोजे घालून हो), फसफसलं तर चुनखडी. काका भांडी भट्टीतून काढली की पाण्यात बुडवतात ते मी वर्षभर बघत होते आणि मला वाटायचं राख धुतात! ते चुना तिथल्या तिथे विझवून टाकत होते. पण साडेचार फुटी शिल्प बुडवायला टाकी कुठून आणणार, त्यामुळे गाळणं हाच खरा उपाय.

मी तेव्हा काय केलं? सीलर मारला, म्हणजे पाणी आत शिरू नये म्हणून वरून लावतात तो लेप. यूट्यूबवरचा सल्ला. कृपया नका करू. वरून बंद केलं तरी पाणी बुडातून, सांध्यातून शिरतंच आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले आणि मी पैसे परत केले. माझं मत विचाराल तर सीलर ही आळशी माणसाची अंधश्रद्धा आहे.

एवढं वाचून घाबरला असाल तर कोकणातली कौलं आठवा. तीही लाल मातीच आणि दर वर्षी तीन हजार मिलिमीटर पाऊस खाते, तरी टिकते, कारण माती नीट तयार केलेली आणि उतारावर पाणी थांबत नाही. आपल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टवाल्यांची खोड अशी की वाटीसारखे खोलगट आकार फार आवडतात. करा, पण प्रत्येक खळग्याला खाली भोक ठेवा. नाहीतर शेवाळ येतं, डास होतात आणि डेंग्यूच्या सीझनमध्ये तपासणीवाले तुमच्या कलाकृतीत अळ्या शोधतात. हेही झालंय माझ्याबरोबर.

पाणी किती पितं ते तपासायला भाजलेला तुकडा कोरडा वजन करा, पाच तास पाण्यात उकळा, रात्रभर त्यातच ठेवा, पुसून परत वजन करा. जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी प्यायलं. टेराकोटा, म्हणजे आपली भाजलेली लाल माती, कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वरही जातो आणि आपल्याकडे ते चालून जातं. हिमाचलात किंवा परदेशात बर्फ पडतो तिथे नाही चालत, शोषलेलं पाणी गोठून फुगतं आणि शिल्प फोडतं. तिथे बाराशे डिग्रीच्या वर भाजलेलं, घट्ट झालेलं स्टोनवेअर हवं, दोन-तीन टक्क्यांच्या आतच पाणी पिणारं.

बसवताना मधून स्टेनलेसचा पाइप घ्या. साधी लोखंडी सळई गंजून फुगते. पाइप आणि मातीमध्ये सिमेंट ठासू नका, फट राहू दे, दोन भागांमध्ये रबराची चकती टाका. समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचंच स्टील, खाऱ्या हवेला तेच जास्त टिकतं.

मोठं करायची घाई असेल तर जपानी-अमेरिकन सिरॅमिक शिल्पकार जून कानेको यांची माणसापेक्षा उंच 'डांगो' शिल्पं बघा, ती नुसती वाळायलाच कित्येक महिने लागतात. आपल्याकडे पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीचे सिरॅमिक कलाकार रे मीकर यांचं काम बघा. आणि तमिळनाडूतले अय्यनारचे (गावाची राखण करणारा देव) मातीचे घोडे तर उघड्यावर झिजतात, पडतात, लोक नवे आणून उभे करतात, कोणी रडत बसत नाही. मी मात्र रडले होते, खोटं कशाला सांगू.

आता नवीन माती आली की आधी बारा टाइल्स भाजून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवते, जूनपासून दिवाळीपर्यंत. या वर्षी एका ओढ्याची माती इतकी सुंदर होती की टेस्टशिवायच सुरुवात करणार होते. परवा सातव्या टाइलवर पांढरा ठिपका दिसला.