इस्लामच्या आरंभीच्या विस्ताराचा इतिहास कसा वाचावा

पैगंबर मुहम्मद यांचे निधन झाले त्या इ.स. ६३२ पासून वाचनाला सुरुवात करू नये. तीस वर्षे मागे जावे. ६०२ ते ६२८ या काळात बायझंटाईन (पूर्व रोमन) आणि सासानी (इराणी) ही दोन साम्राज्ये एकमेकांशी झुंजून थकली होती आणि त्यानंतरच्या चार वर्षांत सासानी सिंहासनावर एकामागून एक राजे येऊन गेले होते. हे लक्षात घेतले नाही तर यार्मूक येथे बायझंटाईनांवर (६३६) आणि निहावंद येथे सासानींवर (६४२) अरबांनी मिळवलेले विजय निव्वळ चमत्कार वाटू लागतात.

त्यानंतर सनावळी नीट लावावी. इ.स. ६२२ पासून मोजले जाणारे हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे साधारण ३५४ दिवसांचे असल्यामुळे त्यात नुसते ६२२ मिळवून चालत नाही. अब्बासी घराण्याने सत्तेवरील उमय्या खलिफांचा पराभव केला ती झाबची लढाई हिजरी १३२ मधली. बेरीज ७५४ येते, पण लढाई झाली जानेवारी ७५० मध्ये. अरब आणि सासानी यांच्यातील कादिसियाच्या लढाईसाठी तर ६३६, ६३७ आणि ६३८ अशी तिन्ही वर्षे दिलेली आढळतात. अशा ठिकाणी एकच वर्ष हट्टाने धरून बसू नये.

प्रत्येक वृत्तांतापुढे तो केव्हा लिहिला गेला हे नोंदवण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते. इतिहासकार बलाधुरी ८९२ मध्ये आणि तबरी ९२३ मध्ये वारले, म्हणजे ज्या लढायांचे त्यांनी वर्णन केले त्या त्यांच्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ होऊन गेल्या होत्या. त्यांच्या शेजारी इजिप्तमधला ६४३ सालचा, ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांत लिहिलेला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा दस्तऐवज) ठेवून पाहावा. त्यात पराक्रमाचा उल्लेख नाही. सैन्यासाठी घेतलेल्या ६५ मेंढ्यांची ती साधी पावती आहे. परंतु जिंकणारे हिशेब ठेवत होते, रसद घेतल्याची पोच देत होते आणि हिजरी २२ हे वर्ष लिहीत होते, एवढे त्या एका तुकड्यावरून कळते. समकालीन पुराव्याचे हे बळ नंतरच्या कोणत्याही रसाळ वर्णनाला येत नाही.

शेवटी वहीत दोन रकाने आखावेत, एक सत्तेच्या विस्ताराचा आणि दुसरा धर्माच्या प्रसाराचा, आणि त्यांची सरमिसळ कटाक्षाने टाळावी. खलिफा उमर (६३४–६४४) यांच्या काळात बसरा, कूफा आणि फुस्तात ही छावणीची नगरे वसली. सैनिकांचे वेतन दीवानातील, म्हणजे सरकारी नोंदवहीतील, नोंदींनुसार मिळू लागले. कर मात्र पुष्कळ अंशी जुनेच कारकून गोळा करत राहिले. दफ्तराची भाषा अरबी करण्याचे काम सातव्या शतकाच्या अखेरीस उमय्या खलिफा अब्द अल-मलिक यांनी हाती घेतले. इजिप्त आणि इराणमधील बहुसंख्य प्रजेने धर्म बदलण्यास तर आणखी कितीतरी पिढ्या लागल्या. किंबहुना इराकमधील नवमुस्लिमांकडूनही जिझिया हा बिगर-मुस्लिमांवरचा कर घेतला जात असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की उमय्या खलिफा दुसरे उमर (७१७–७२०) यांना तो माफ करण्याचा हुकूम काढावा लागला.