ऑनलाइन लीगमध्ये रिक्रूटिंगला मर्यादा कशी घालावी: माझा अनुभव

ओहायोत एमएस करताना शेजारच्या मुलांनी मला त्यांच्या ऑनलाइन डायनॅस्टीत घेतलं. डायनॅस्टी म्हणजे व्हिडिओ गेममधली लीग: प्रत्येक जण एकेका कॉलेजचा संघ घेऊन अनेक सीझन चालवतो आणि त्यासाठी नवे खेळाडू मिळवतो, तेच रिक्रूटिंग. जुलै २०२४ मध्ये ईए स्पोर्ट्सचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ हा अमेरिकन फुटबॉलचा गेम आला होता. त्याआधीचा गेम २०१३ चा, त्यामुळे सगळे अकरा वर्षांचे उपाशी! डायनॅस्टीत ३२ जण खेळू शकतात, आम्ही बारा होतो. मी हिशोब चोख ठेवतो म्हणून कमिशनरपद, म्हणजे लीग चालवण्याचं काम, माझ्याकडे आलं. नवी लीग काढणार असाल तर एक कळकळीचं सांगणं: रिक्रूटिंगचे नियम पहिल्या सामन्याआधी ठरवा. आम्ही ठरवले नव्हते.

आमच्यातला एक जण केंट स्टेट हे ओहायोतलं छोटं कॉलेज घेऊन खेळायचा. गेममध्ये प्रत्येक मुलाला गुणवत्तेनुसार पाचपर्यंत तारे असतात. क्लीव्हलँडच्या एका फोर-स्टार क्वार्टरबॅकवर (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) त्याने सगळी भिस्त ठेवली होती. एका मुलाचा सर्वांत जोरदार पाठपुरावा करायच्या ‘सेंड द हाउस’ला रिक्रूटिंगचे ५० तास लागतात, छोट्या कॉलेजला आठवड्याला मिळणाऱ्या तासांतला तो मोठाच घास. तरी तो आठवड्यामागून आठवडे त्याच मुलावर तास ओतत होता. सीझनच्या मध्यात जॉर्जियावाला (जॉर्जिया हा बलाढ्य संघ घेतलेला आमच्यातलाच एक) त्या मुलामागे लागला आणि तीन आठवड्यांत मुलगा घेऊन गेला. त्याच्याकडे आधीच तीन क्वार्टरबॅक होते. रात्री केंट स्टेटवाल्याचा मेसेज आला, “तो तिथे खेळणारसुद्धा नाहीये.” पुढचे दोन आठवडे तो लीगकडे फिरकलाच नाही.

खऱ्या कॉलेज फुटबॉललाही हे दुखणं होतंच. १९७३ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने संघाच्या स्कॉलरशिपवर १०५ ची मर्यादा घातली, १९९४ पर्यंत ती ८५ वर आली. गेममध्येही रोस्टर, म्हणजे संघातले एकूण खेळाडू, ८५ चाच. पण एका वर्षात कोणी किती तारे गोळा करावेत, यावर गेम काहीच बंधन घालत नाही. ते तुम्हालाच घालावं लागतं.

माझा पहिला नियम फसला. सगळ्यांना सरसकट तीनच फाइव्ह-स्टार. जॉर्जियाने मग फोर-स्टार खोऱ्याने ओढले, आणि केंट स्टेटला तीन फाइव्ह-स्टार मिळणं म्हणजे स्वप्नच, तिथे मर्यादेचा उपयोग काय? सारखा नियम म्हणजे न्याय्य नियम नव्हे, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या सीझनला मर्यादा संघाच्या प्रेस्टिजला, म्हणजे गेममधल्या त्याच्या मानांकनाला, बांधली. वरच्या संघांना फोर आणि फाइव्ह-स्टार मिळून दहा, मधल्यांना चौदा, तळच्यांना मोकळं रान. एका वर्षात दोनच क्वार्टरबॅक. ट्रान्स्फर पोर्टलमधून (दुसरं कॉलेज सोडून) आलेलेही याच मोजणीत, नाहीतर ती पळवाट उघडी राहते. मर्यादा ओलांडली तर जितके जास्त, तितके पुढच्या वर्षी कमी.

‘दुसऱ्याच्या मुलामागे लागू नका’ असला नियम मात्र करू नका. कोण आधी मागे लागलं यावर नुसती भांडणं होतात. साइन झालेले तारे क्लासच्या, म्हणजे त्या वर्षीच्या भरतीच्या, यादीत सगळ्यांना दिसतात, तेच मोजा. स्काउटिंग (पारख) करून कोणी थ्री-स्टारमधला जेम, म्हणजे ताऱ्यांपेक्षा सरस मुलगा, शोधला, तर तो थ्री-स्टारच धरा. ती त्याची मेहनत आहे.

जॉर्जियावाला चिडला. “मी हा संघ यासाठीच घेतला होता,” म्हणाला. त्याचंही खरं होतं. सीझन संपल्यावर मतदान घेतलं आणि दहाचे बारा केले, पण चालू सीझनमध्ये आकड्याला हात लावला नाही.

केंट स्टेटवाला अजून आहे. यंदा त्याच्या रिक्रूटिंग बोर्डवरच्या (ज्यांच्या मागे लागायचं त्या मुलांची यादी) ३५ जागांपैकी १९ ओहायोच्या मुलांनी भरल्यात.